आमार चूल खाराप

बंगाली शिकणं अगदी सोपं आहे, असं मी चार महिने सगळ्यांना सांगत होतो.

बँकेने नाशिकहून उचलून मला कोलकात्यात आणून टाकलं. बालीगंजला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. सगळं ठीक होतं, पण बसमध्ये दोन माणसं तावातावाने भांडायची आणि कशावरून, ते मला कळायचं नाही! जीव नुसता खालीवर व्हायचा. (दुसऱ्याचं भांडण समोर चालू असावं आणि समजू नये, याइतका छळ नाही.) म्हणून ठरवलं, शिकायचंच. खिशात वही, रोज पाच शब्द, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी-इंग्रजी बंद. चुकलं तर चुकलं!

शिवाय माझा एक सिद्धांत होता. कपाळाला बंगालीत कपाल. घामाला घाम. नाकाला नाक. भाताला भात! म्हणजे निम्मी भाषा आपल्याला येतेच की! शब्द अडला तर सरळ मराठी शब्द वापरायचा, फक्त ओठांचा चंबू करून.

"बाबा, असं नसतं," ईशा म्हणाली. ही माझी सातवीतली मुलगी. खाली खेळता खेळता दोन महिन्यांत फडाफड बंगाली बोलायला लागली होती.

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो. (हे वाक्य पुढे बरंच महागात पडलं.)

त्या रविवारी शेजारचे शोमेनदा आणि त्यांची बायको रूमाबौदी आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. पुरणपोळीचा बेत. पुरण आदल्या दिवशीच वाटून तयार होतं, माझ्या बायकोने, वैशालीने, कणीक मळून ठेवली, तवा चढवला, आणि गॅस पेटेना! एक बर्नर नाही, दुसरा नाही.

"अहो, रेग्युलेटर बघितलात का?"

"बघितला." (बघितला होता. फिरवला नव्हता.)

"मग एखादा मिस्त्री तरी बघा! दीड तासात माणसं येतील. त्यांना काय पुरणाचे गोळे वाढू?"

ईशा चित्रकलेच्या क्लासला गेलेली. म्हणजे मैदान माझंच होतं. दार उघडलं तर समोर शोमेनदा, हातात मासळीची पिशवी. (जेवण आमच्याकडे असलं म्हणून काय झालं, रविवारचा बाजार चुकवतील ते शोमेनदा कसले!) शेगडीला बंगालीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. पण सिद्धांत होता. शेगडी म्हणजे चूल. मी ओठांचा चंबू केला.

"शोमेनदा, आमार चूल खाराप होये गेछे!"

शोमेनदांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं फार नाही. कानांच्या वर दोन पट्टे आहेत, बाकी सगळं मोकळं मैदान.

"कोबे थेके?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. म्हणजे, कधीपासून?

"आज शॉकाले! काल राते भालो छिलो!" आज सकाळी झालं, काल रात्री चांगली होती, असं मी ठणकावून सांगितलं.

"काल राते... छिलो?"

"छिलो! एखोन मिस्त्री चाई!" आत्ता मिस्त्री हवा.

ते गहिवरले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री नॉय, पाटोनकोरबाबू. नापित." मिस्त्री नको, नापित. (पाटोनकोरबाबू म्हणजे मी.) आणि लगेच कुणाला तरी फोन लावला.

नवा शब्द! मी उभ्याउभ्या वहीत लिहिलं : नापित, म्हणजे गॅस दुरुस्त करणारा. आणि घरात येऊन जाहीर केलं, "नापित येतोय!"

तासाभराने तो आला. बारीक मिशा, हातात छोटी बॅग. वैशालीने त्याला थेट स्वयंपाकघरात नेलं. त्याने ओट्याकडे पाहिलं, पुरणाकडे पाहिलं, आणि विचारलं, "कार चूल?" म्हणजे, कुणाची?

"आमार," मी म्हणालो.

त्याने स्टूल ओढलं आणि मला बसवलं. मला वाटलं, काय हे शहर! मिस्त्रीसुद्धा आधी मालकाला बसायला देतो. मग त्याने बॅगेतून एक पांढरं कापड काढलं, झटकलं आणि माझ्या गळ्याभोवती घट्ट बांधलं.

"अहो," वैशाली कुजबुजली, "शेगडी तिकडे आहे. तुम्हाला का बांधलंय?"

"अगं, काजळी उडते! यांच्याकडे फार काळजी घेतात."

तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी कात्री कचकचली. आणि त्याच क्षणी दारात एकदम तिघं उभी राहिली : ईशा, मिठाईचा डबा घेतलेले शोमेनदा आणि रूमाबौदी.

"बाबा! हे काय चाललंय?"

"चूल दुरुस्त होतेय," मी मान न हलवता म्हणालो.

"बाबा!! बंगालीत चूल म्हणजे केस! आणि नापित म्हणजे न्हावी!"

ईशाने सगळ्यांना खरा प्रकार बंगालीत सांगितला, आणि रूमाबौदी हसता हसता खालीच बसल्या. शोमेनदा बिचारे सारखे म्हणत होते की मला वाटलं, आम्ही जेवायला येणार म्हणून हे केस नीट करून घेतायत! वैशाली हसत नव्हती. ती कणकेकडे बघत होती.

नापिताने मात्र शांतपणे कात्री खाली ठेवली, ओट्याखाली वाकला, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला आणि लायटर ओढला. दोन्ही बर्नर भसकन पेटले! आदल्या रात्री रेग्युलेटर मीच बंद केला होता. सुरक्षितता म्हणून.

पुरणपोळ्या झाल्या. सगळे पोटभर जेवले, नापितही. (माझा उजवा पट्टा डाव्यापेक्षा बोटभर आखूड राहिला, पण तेव्हा कुणाला शुद्ध होती!) निघताना तो दारात शोमेनदांना म्हणाला, "दादार माथाय तो किछुई नेई."

मी कुणालाही न विचारता समजलेलं हे पहिलं अख्खं बंगाली वाक्य. मला कोण आनंद झाला! मग लक्षात आलं की बंगालीत 'माथाय' म्हणजे 'डोक्यावर' आणि 'माथाय' म्हणजेच 'डोक्यात'. दादांच्या डोक्यावर काही नाही, की डोक्यात काही नाही?

नक्की काय म्हणायचं होतं त्याला, हे मी तेव्हापासून बऱ्याच बंगाली लोकांना विचारलंय. ते आधी माझ्या टकलाकडे बघतात, मग रेग्युलेटरची हकिगत ऐकून घेतात, आणि म्हणतात, दोन्ही.