लाखेतला नंबर

शाळेनं मला कधी पाहिलं नाही आणि मी शाळेला. म्हणून हे मी बोलतोय आणि सून लिहून घेतेय. मधे शिवी आली की ती पेन थांबवते, मी चहा पितो, मग पुढे चालू.

सुरतला लिंबायतमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रिटायर कॅप्टनसाहेब राहायचे. आमच्या धुळ्याकडचेच. साधे शिपाई म्हणून फौजेत गेले आणि एकेक पायरी चढत शेवटी कॅप्टन होऊन घरी आले. बायको वारलेली, मुलगी सासरी. डबा आमच्या घरून जायचा. लढाईत गोळी लागून त्यांचा डावा पाय आखडला होता, आणि माझ्याकडे लूना होती. म्हणून कुठे जायचं असलं की मी त्यांचा ड्रायव्हर. लोक म्हणायचे, "पुढे जोकर, मागे कॅप्टन." मला त्याचं काही वाटायचं नाही. जोकरच होतो. बारशाला काय आणि मयताला काय, लोक मला हसवायलाच बोलवायचे.

प्लेगच्या पळापळीला दोन-तीन वर्षं झाली असतील. सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांचा कार्यक्रम होता. साहेब कोटावर सगळी मेडलं लावून आत गेले, मी बाहेर लूनापाशी. अर्ध्या तासात परत आले, तर छातीवर एक मेडल कमी. आत कोणीतरी यादी घेऊन बसला होता. यादीत साहेबांच्या नावापुढे जखमेचं मेडल नव्हतं. तो चारचौघांत म्हणाला, जे कागदावर नाही ते कोटावर कसं? साहेबांनी तिथंच काढून खिशात टाकलं. मग लूनावर मागे बसले. मी दोन जोक मारले, ते रस्त्यातच पडले.

पुढे गल्लीतही कुजबुज झाली. शनिवारच्या जुन्या बाजारातून आणलं असेल, काय भरवसा. पाय काय, ट्रकवरून पडूनही मोडतो. साहेबांच्या कानावर हे गेलं. ते संध्याकाळी ओट्यावर बसायचे, ते बंद झालं.

मग त्यांनी अर्ज लिहायला घेतले. मला समजावलं होतं. शिपाई असताना त्यांचा एक नंबर होता, सुभेदारकीच्या पायरीवर चढल्यावर नवा नंबर मिळाला. जुन्या नंबरची फाईल नव्यात आलीच नाही. मेडल आणि त्याच्यासोबतचं शाबासकीचं पत्र, दोन्हीची नोंद जुन्या फायलीत. साहेबांकडचं पत्र वाळवीनं खाल्लेलं. मी म्हणालो, "म्हणजे साहेब, गोळी जुन्या नंबराला लागली आणि लंगडतोय नवा." ते हसले नाहीत. म्हणाले, "असंच आहे."

अर्ज जायचे, उत्तरं यायची. पावसाळा गेला. मग फौजेच्या कचेरीतून बोलावण्याचं पत्र आलं. दसऱ्याच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं आणि रुमालात बांधलेलं मेडल हातात दिलं.

"स्टेशनजवळच्या स्टुडिओत दे. जवळून फोटो काढायचाय. शुक्रवारी कचेरीत फोटो आणि मेडल दोन्ही दाखवायचंय. पुन्हा तारीख मिळणार नाही. आणि हे बघ, नीट ने."

"साहेब, माझ्या पोरासारखं नेतो," मी म्हणालो. माझं पोर मी एकदा उधन्याच्या बाजारात विसरून आलो होतो, ते त्यांना आठवायला पाहिजे होतं.

आता माझं काम सांगतो. लूमच्या सुट्या भागांना बफ मारायच्या एका लहान कारखान्यात मी होतो. फिरत्या चाकावर मसाला लावायचा आणि लोखंड, पितळ आरशासारखं करायचं. दसऱ्याला आमच्याकडे मशीन, पाना, हातोडी, सगळं घासून पुसून पूजेला लागतं. काळं हत्यार पूजेत ठेवणं म्हणजे अपशकुन. मी रुमाल सोडला तर मेडल कसं? काळवंडलेलं, मेणचट. माझ्या मनात आलं, कचेरीतल्या एवढ्या मोठ्या साहेबापुढे मेडल असं तोंड घेऊन जाणार? दसऱ्याच्या दिवसांत?

पातळ गोल वस्तू बोटांत धरून बफ मारला तर बोटं जातात. म्हणून लाकडी मुठीवर लाख तापवतात, वस्तू तिच्यात दाबून बसवतात, गार झाली की घट्ट. एक बाजू झाली की ठोकून काढायची, दुसऱ्या मुठीवर उलटी बसवायची. दोन्ही बाजू मी अशा केल्या. शेवटी कड. कडेवर बारीक बारीक ओरखडे होते, गोल फिरत गेलेले. मी म्हटलं, किती खराब ठेवलंय. जोर लावला. ओरखडे गेले. इतकं चकचकीत झालं की माझ्या दाढीचे खुंट त्यात दिसले.

स्टुडिओत गेलोच नाही. आधी साहेबांना दाखवू, खूश होतील, असं वाटलं.

साहेब खिडकीपाशी गेले. मेडल उजेडात धरून कड फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. मग चष्मा काढला, पुसला, घातला, परत फिरवली. मी दारात उभा, शाबासकीची वाट बघत, दात काढून.

"इथं नंबर होता," ते म्हणाले.

"कुठे साहेब?"

"कडेवर. माझा जुना नंबर आणि नाव. तोच दाखवायचा होता. मला पाठ आहे, पण तोंडी सांगितलेला ते धरत नाहीत."

त्यांनी मला बोलावण्याचं पत्र पूर्ण सांगितलं नव्हतं. जो माणूस वाचतो त्याला वाटतं सगळ्यांनीच वाचलंय. आणि मी, मला अक्षर आणि ओरखडा सारखाच. तोंडातून जोकसुद्धा येईना. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि मेडल गुडघ्यावर ठेवून बघत राहिले.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमले अक्कल शे का? सुरतभर चमकाडतस, घर बुडाडतस." मग तव्यावरची भाकरी जळाली तरी उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळी डबा घेऊन मीच गेलो, कारण बायको म्हणाली, तोंड लपवायचं नाही. साहेब तसेच, तेच कपडे. मला बसायला सांगितलं आणि एकेक विचारू लागले. कोणत्या मशीनवर. आधी कोणती बाजू. कड केव्हा. मी सगळं सांगितलं.

"धरलं कशात होतंस?"

"लाखेत, साहेब. दाबून."

"कड आत गेली होती?"

"पहिल्या खेपेला गेली होती. अर्धी."

ते उठले. आखडलेला पाय असून इतक्या झटक्यानं उठलेले मी कधी पाहिले नव्हते.

"ती लाख कुठाय?"

मला तेव्हाही कळलं नाही. पण लाख कुठे होती ते आठवलं. दसऱ्यासाठी आज सगळ्या मुठी गरम करून जुनी लाख काढायची होती. शेठनं कालच सांगितलं होतं.

लूनाला मी त्या दिवशी जेवढं पिळलं तेवढं आयुष्यात कुणाला पिळलं नाही. रेल्वेच्या फाटकात अडकलो. मालगाडी, डबे संपता संपेनात. मागे साहेब. माझ्या कानाशी त्यांचा श्वास तेवढा.

कारखान्यात स्टोव्ह पेटलेला. डबड्यात लाख रटरटत होती. शेठ स्वतः एकेक मूठ आत बुडवत होते. आठ-दहा झाल्या होत्या. मी ओरडलो, "शेठ, ऊभा रहो."

शेठ म्हणाले, "शुं थयुं? आग लागी?"

उरलेल्या मुठी मी फरशीवर पसरल्या. साहेब खाली बसले, पाय लांब करून, आणि एकेक उचलून बघू लागले. लोखंडी बोल्टाचा खड्डा. पिनचा खड्डा. चौथी की पाचवी मूठ त्यांनी हातात धरली आणि सोडलीच नाही. मेडलच्या मापाचा गोल खड्डा. त्याच्या भिंतीवर बारीक, उठलेली, उलटी अक्षरं. काही तुटलेली.

शेठच्या दाढीच्या आरशात त्यांनी ती वाचली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग म्हणाले, "आहे. शेवटचे दोन आकडे गेलेत, पण आहे."

मला वाटलं, सुटलो.

शुक्रवारी कचेरीतल्या साहेबांनी भिंग घेऊन मेडलची कड पाहिली. ते हिंदी बोलायचे. भिंग खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "नंबर घिस दिया है. ऐसा आदमी कब करता है, आप जानते हैं?"

कॅप्टनसाहेबांचा चेहरा उतरला. मलाही कळलं. दुसऱ्याचं मेडल चोरलं की चोर पहिलं काय करेल? नंबर घासून टाकेल. माझ्या पॉलिशनं कॅप्टनसाहेब नुसते मेडलची नोंद नसलेले फौजी राहिले नव्हते, चोर झाले होते.

मी पुढे होऊन सांगायला लागलो. दसरा, बफ, ओरखडे, दाढीचे खुंट. मी सांगतो तसंच सांगितलं, कारण मला दुसऱ्या तऱ्हेनं येतच नाही. बाहेरचा शिपाई हसला. कारकून हसला. कचेरीतले साहेब हसले नाहीत. म्हणाले, "तमाशा बंद करो." आयुष्यभर खोटं बोलून हसवलं, तेव्हा लोकांना खरं वाटलं. त्या दिवशी खरं बोललो तर तमाशा झाला.

मग कॅप्टनसाहेब उभे राहिले. काठी टेबलाला टेकवली आणि सावधानमध्ये उभे राहिले. "हा माणूस मूर्ख आहे," ते त्यांना हिंदीत म्हणाले, "खोटा नाही. तो खरं बोलतोय, हे मी लिहून देतो. माझ्यासाठी काही लिहू नका." आणि पिशवीतून लाखेची मूठ काढून टेबलावर ठेवली.

कचेरीतल्या साहेबांनी मेडल उचललं आणि खड्ड्यात ठेवलं. मेडलला वर टांगायचा कान असतो, त्याच्या बुडाशी ठेच लागून पडलेला जुना पोचा होता. लाखेत त्या ठेचेची खूण बरोबर तिथंच. मेडल टक करून बसलं. त्यांनी काढलं, परत बसवलं. तीनदा. मग भिंगातून अक्षरं बघत कारकुनाला म्हणाले, "आईना लाओ."

माझा जबाब घेतला. खाली अंगठा लावायला सांगितला. पहिला ठसा फिसकटला, म्हणून दोनदा लावावा लागला.

उत्तर थंडीत आलं. पोस्टमननं पाकीट दिलं, मी धावत साहेबांकडे नेलं. ते वाचत होते आणि मी त्यांचं तोंड वाचत होतो, पण तेही मला नीट येत नाही. शेवटी म्हणाले, "जुनी फाईल सापडली. त्या आकड्यांवरून. मेडल नोंदीत चढवलं. पत्रही होतं त्यात, तेही चढवलं." पान उलटलं. "आणि फायलीत तुझा जबाबही लावलाय."

"काय लिहिलंय साहेब?"

"कडेवरचा नंबर शेजाऱ्याने दसऱ्यानिमित्त घासून काढला."

म्हणजे फौजेच्या दप्तरात साहेबांच्या शाबासकीच्या पत्राच्या मागे माझी अक्कल लावलेली आहे. कायमची. अंगठ्यासकट.

सव्वीस जानेवारीला मी परत लूनापाशी उभा होतो. कार्यक्रम संपला, साहेब बाहेर आले. मी आधी छातीवरची मेडलं मोजली. सगळी होती. ती लाखेची मूठ त्यांनी कोटाच्या खिशात नेली होती, कोणी विचारलं तर दाखवायला. कोणीच विचारलं नव्हतं. मागे बसताना ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू ठेव."

अजून आहे माझ्याकडे, देवाच्या फळीवर. दसऱ्याला मी सगळं घासतो, तिला हात लावत नाही.