भट्टीच्या मागच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या

प्लेटिंगच्या कारखान्यात मी तपासनीस होतो आणि ते भट्टी सांभाळायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत, पाठीमागे ‘कशावरून’. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला शब्द तोच असायचा. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेत म्हणावं, तर म्हणत, “कशावरून? किल्ली कुणी दिली?”

घरीही तीच तऱ्हा. दोन खोल्यांत ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच राहत. गॅस बंद केला तरी ते तीनदा उठून बघत. आक्का मला एकदा म्हणाल्या, “मी याची सख्खी बहीण आहे, याचीसुद्धा याला अजून पुरती खात्री पटलेली नाही. चौकशी चालू आहे.” काका शेजारीच बसले होते. हसले नाहीत.

काम त्यांच्या स्वभावाला शोभणारंच होतं. आमच्याकडे कडक पोलादाच्या छोट्या स्प्रिंगा यायच्या, ट्रॉलीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या. त्यांच्यावर आम्ही जस्ताचा थर चढवायचो, केसाहूनही कितीतरी पातळ. पण आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत असताना पोलाद हायड्रोजन वायू पिऊन घेतं. तो आत राहिला तर स्प्रिंग वरून लखलखीत दिसते, आणि ताण देऊन ठेवली की दोन दिवसांनी आपोआप तुटते. म्हणून टाकीतून निघाल्यावर चार तासांच्या आत माल भट्टीत जायचा आणि दोनशे अंशांवर आठ तास राहायचा. वायू निघाला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मी जाडी मोजायचो, चमक बघायचो, पण आतलं मला काय कळणार! तिथे भट्टीवाल्यावर विश्वास ठेवावा लागे.

एका सोमवारी गिऱ्हाइकाकडून खोका परत आला. त्यात अकरा तुटक्या स्प्रिंगा होत्या. मालकांचा मेहुणा कारखान्याची देखरेख करायचा. त्याने टाकीचं पाणी तपासलं, ठीक निघालं. भट्टीचा तक्ता काढला. गोल कागदावर यंत्राचं पेन फिरून तापमानाची रेघ काढतं, ती दोनशेवर सरळ, कुठे खळगा नाही.

“तक्ता इतका गुळगुळीत?” मेहुणा म्हणाला. “आमच्या बायकोची रांगोळीसुद्धा इतकी सरळ येत नाही. म्हातारबा काहीतरी करतोय.”

आणि इथे मी बोललो. बोलायला नको होतं, पण गेले काही आठवडे ते मनात सलत होतं. माझ्या खोलीच्या काचेतून भट्टी दिसायची. माल काढायच्या वेळी काका बाकीच्यांना हात धुवायला पाठवत, मग ट्रेमधून काहीतरी उचलत, इकडेतिकडे बघत, रुमालात गुंडाळत आणि खिशात टाकत. मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मुद्दाम उभा राहून पाहिलं.

“रुमाल?” मेहुण्याचे डोळे चमकले. “लपवायला काही असल्याशिवाय रुमाल कोण काढतं?”

त्यानंतरचे दोन दिवस फार वाईट गेले. काका माल भरताना मेहुणा मागे उभा. काका पाणी प्यायला गेले तरी त्याची नजर त्यांच्या खिशावर. मीही बघत होतो, आणि बघितलं की सगळंच संशयास्पद दिसतं. ते भट्टीच्या दाराला कान का लावतात? माझ्याशी बोलणं का टाकलंय? बुधवारी मालकांनी बोलावलं. त्या दिवशी काकांचं काम जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वयात दुसरीकडे कोण ठेवणार, आणि आक्कांना दुसरं कोण होतं?

“काका, रुमालात काय नेता?” मालकांनी विचारलं.

काका बाहेर गेले आणि त्यांच्या कपाटातून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. टेबलावर उपडा केला. बोटाएवढ्या, घासून चकचकीत केलेल्या साध्या पोलादाच्या पट्ट्या निघाल्या, चार-चारच्या पुड्या बांधलेल्या, प्रत्येक पुडीवर तारीख.

“उघडं पोलाद तापलं की रंग धरतं,” ते म्हणाले. “दोनशे अंशांवर आठ तास राहिलं तर वाळल्या गवतासारखं फिकट पिवळं. म्हणून प्रत्येक मालाबरोबर भट्टीच्या चार कोपऱ्यांत चार पट्ट्या ठेवतो.”

“तापमानाचा काटा आहे की!” मेहुणा म्हणाला.

“काटा दाराजवळची हवा मोजतो. आतली मोजतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मालकांनी पुड्या उघडल्या. जुन्या पुड्यांत चारही पट्ट्या पिवळसर होत्या. पावणेदोन महिन्यांपूर्वीच्या तारखेपासून तीनच पिवळ्या आणि चौथी पांढरीस्वच्छ, जशी ठेवली तशी. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर एकच खूण होती, मागचा डावा कोपरा.

“पंखा हवा फिरवत नाहीये. त्या कोपऱ्यातला माल अर्धकच्चा राहतो,” काका म्हणाले.

“मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का?” मेहुणा ओरडला. “सांगायचं नाही?”

काकांनी एक पांढरी पट्टी उचलून पुन्हा ढिगात ठेवली. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी सांगितलं होतं, मला. एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन ते म्हणाले होते, “मागचा कोपरा गार वाटतो.” बाजूला चारजण बसले होते आणि मला विनोद करायची हुक्की आली. मी म्हणालो, “कशावरून, काका?” सगळे खो-खो हसले. त्यांनी खिशात गेलेला हात रिकामाच बाहेर काढला आणि ते निघून गेले. मी तो प्रसंग त्याच संध्याकाळी विसरलो होतो.

मालकांच्या खोलीत मला ते सगळं आठवलं. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण तो पट्ट्यांचा ढीग समोर होता.

“मला सांगितलं होतं,” मी म्हणालो. “मी थट्टेवारी नेलं.”

मेहुणा माझ्याकडे असा बघू लागला, जणू आता माझे खिसे तपासायचे आहेत. मालकांनी पुड्या बाजूला सारल्या. मग त्यांनी भट्टी बंद करायला सांगितली. मागची जाळी उघडली तेव्हा पंख्याची दोन पाती झिजून वाकलेली निघाली. त्या कोपऱ्यातला शिल्लक माल भंगारात गेला आणि काकांचं काम राहिलं. माझं तपासनीसपण सहा महिने मेहुण्याच्या सहीखाली गेलं. त्यात गैर काही नव्हतं.

मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, “ठीक आहे,” आणि भट्टीचं दार लावून कडी दोनदा ओढून बघितली.

पुढे ते होते तोवर, पाच वर्षं, प्रत्येक मालानंतर चार पट्ट्या माझ्या टेबलावर यायच्या. हातात कधी दिल्या नाहीत. ते ठेवत आणि मी प्रत्येक पट्टी उजेडात धरून बघून, सही करून परत खाली ठेवेपर्यंत समोर उभे राहत. मग स्वतः मोजत, एक, दोन, तीन, चार, आणि रुमालात बांधून घेऊन जात.