लंगड्या हमालाला दोनच वाक्यं

त्या खेळात मारामारी माझ्याकडे होती आणि बोलणं बहिणीकडे. ही वाटणी कधी झाली ते आठवत नाही, पण नागपूरच्या घरात संगणक आला तेव्हापासून ती पक्की होती. सहा जणांची टोळी घेऊन एका जादूच्या राज्यात हिंडायचं, राक्षस मारायचे, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं, असा तो खेळ. बोलायचं म्हणजे समोरच्याचं वाक्य पडद्यावर यायचं, त्याखाली आपल्यासाठी तीन-चार उत्तरं यायची, त्यातलं एक निवडायचं. तलवार चालवायची असेल तेव्हा माउस माझ्या हातात. कुणी बोलायला लागलं की बहीण मला कोपरानं बाजूला सारायची आणि सगळी उत्तरं दोन-दोनदा वाचत बसायची.

"दाब ना पहिलं," मी वैतागायचो. "काय फरक पडते?"

"तुले नाही पडत. त्याले पडते," ती पडद्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणायची.

त्या टोळीत एक लंगडा हमाल होता. पहिल्याच गावात तो सोबत येतो. लढाईत काडीचा उपयोग नाही, चालताना मागे पडतो, अरुंद वाटेत सगळ्यांची वाट अडवतो. दुसऱ्या मुक्कामाला त्याला निरोप द्या आणि त्याच्या जागी धनुर्धारी घ्या, असं खेळाच्या पुस्तिकेतच सुचवलेलं होतं, आणि जगातले सगळे खेळाडू तसंच करायचे. बहीण ऐकायला तयार नव्हती. "सोडून दिलं तर तो बिचारा जाईन कुठं?" या एका प्रश्नापायी आम्ही तो शेवटपर्यंत वागवला, आणि त्याच्यापायी मी किती वेळा मेलो त्याची गणती नाही. चिडचिड केली, पण सोडला नाही. ती शेजारी बसलेली असताना सोडणं शक्यच नव्हतं.

मग मध्य प्रदेशातून छत्तीसगडचं नवं राज्य झालं आणि मला रायपूरला कंत्राटावर काम मिळालं. आमचं ऑफिस एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलं होतं. ज्या दालनात पूर्वी खाटा असतील तिथे टेबलं, आणि टेबलांपेक्षा जास्त गठ्ठे. भोपाळहून ट्रक भरभरून फायली यायच्या, त्यातली कुठली कुणाची ते ठरवून संगणकात भरायचं. आजूबाजूचे लोक भोपाळचे, जबलपूरचे, बिलासपूरचे. सगळेच नवे, सगळ्यांचं लक्ष शुक्रवारच्या गाडीकडे. ओळख करून घ्यायची तर करून घेता आली असती. मी घेतली नाही. मला वाटायचं, इथे थोडेच दिवस आहोत, कशाला उगाच. थोडेच दिवस म्हणता म्हणता दुसरं वर्ष लागलं होतं.

खोली तात्यापाऱ्यात, तिथल्या जुन्या मराठी वस्तीत मिळाली. घरमालकीण काकू मूळच्या अमरावतीकडच्या, पण घराणं तीन पिढ्या रायपुरात. त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि त्यांची नातवंडं मला हिंदीत उत्तर द्यायची. संध्याकाळी जिन्यात भेटल्या की काकू विचारायच्या, "काय करून राहिले भैया एकटे खोलीत?" मी म्हणायचो, "काम." "जेवण झालं?" "झालं." एवढ्यावर आमचं संभाषण आटपायचं, आणि खोलीत आल्यावर मलाच मग फार शांत-शांत वाटायचं. ती शांतता मला आवडत नव्हती. पण माघारी जाऊन दार वाजवायला तोंड कुठून आणायचं?

त्या पावसाळ्यात खेळाचा पुढचा भाग बाजारात आला. खेळाडू त्याला एक्स्पान्शन म्हणतात. मूळ खेळाला जोडायचे नवे मुलूख, नवी माणसं. जुनी टोळी तशीच घेऊन पुढे जाता येतं. बहिणीनं नागपुरात दोन पाकिटं घेतली आणि एक मला कुरिअरनं पाठवलं. तिचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातली तारीख होती. रविवारी मी एसटीडीच्या दुकानातून फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मी तिकडं गेल्यावर दोघांजवळ एक-एक पाहिजे म्हणून घेतलं. पण पहिल्यानं दिवाळीत सोबत खेळू. तोवर खोलायचं नाही. मी पण नाही खोलत."

"नाही खोलत," मी म्हणालो.

ती शेवटची दिवाळी आहे हे दोघांनाही कळत होतं. लग्नानंतर ती माहेरपणाला येणार, आणि माहेरी आलेल्या मुलीला तीन-तीन दिवस संगणकापुढे कोण बसू देतं? म्हणून ते पाकीट मी कपाटात स्वेटरखाली ठेवलं आणि दोन महिने खरोखर हात लावला नाही.

गणपतीला रजा मिळाली नाही. त्याच्या आदल्या दिवशी इकडे तिजा असतो. छत्तीसगडात तिजाला लेकी माहेरी येतात, सासरी कितीही काम असलं तरी येतात. आणि काकूंच्या घरात तीन पिढ्यांत तो सण असा मुरला होता की त्यांच्या चारही लेकी लेकराबाळांसकट हजर. उपासाच्या आदल्या संध्याकाळी कारल्याची भाजी आणि भात, करू भात म्हणतात, तो एकमेकींच्या घरी जाऊन खायचा. काकूंनी वर येऊन मलाही बोलावलं. "या ना भैया, पोट्ट्या सगळ्या आल्या आहेत. दोन घास खा." मी म्हणालो, "नको, झालं माझं." झालं काहीच नव्हतं. खाली बहिणी-बहिणी कशावरून तरी हसत सुटल्या होत्या, एक थांबली की दुसरी सुरू. ते ऐकत मी बिस्किटं खाल्ली. मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, आणि स्वतःचा इतका रागही कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट फोडलं.

जुनी टोळी फ्लॉपीवर होतीच, लंगड्या हमालासकट. खोलीतल्या सेकंडहँड संगणकावर चार रविवार खिडकीचा पडदा ओढून मी खेळलो. मारामारीत अडचण आली नाही. पण माणसं बोलायला लागली की माझा हात आपोआप बाजूला व्हायचा, कोपर बसणार म्हणून. कोपर बसायचं नाही. मग मी पहिलं उत्तर दाबायचो. पहिलं उत्तर सहसा "ठीक आहे" किंवा "चला" असं असायचं, आणि समोरचा गप्प व्हायचा. एका मोडक्या पुलावर लंगडा हमाल थांबला, काहीतरी म्हणाला. मी दाबलं, "चल पुढे." तो आणखी एक वाक्य बोलला आणि निमूट चालायला लागला. शेवटच्या रविवारी राज्य वाचलं, नगारे वाजले. मला काहीही वाटलं नाही.

त्या खेळाच्या खेळाडूंची इंटरनेटवर एक जागा होती. तिथे जगभरातले लोक आपापली मतं मांडायचे, आणि मी ऑफिस सुटल्यावर कॅफेत बसून ती वाचायचो. भाऊबंदकीत जमिनीवरून भांडणार नाहीत इतके तिथे भांडायचे. कुणाला नवी जादूगारीण फार बलवान वाटत होती. कुणी औषधांच्या बाटल्या कमी केल्या म्हणून चाळीस ओळींचा शिमगा केलेला. पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत होतं. या भागातलं बोलणं सुरेख आहे, जुन्या सोबत्यांना आता कुठे वाचा फुटली आहे. ते वाचून माझं डोकं फिरलं. मी आहे ते इंग्रजी गोळा केलं, एक खोटं नाव घेतलं आणि ठोकून दिलं. नवा भाग दिसायला देखणा आणि आतून मुका आहे. कुणी कुणाशी बोलत नाही. लंगड्या हमालाला मी पहिल्या भागापासून इथवर आणलं, त्याला पुलावर मोजून दोन वाक्यं दिली आहेत. करणाऱ्यांनी कंटाळून काम उरकलेलं दिसतं.

लिहून मोकळं वाटलं. कितीतरी दिवसांत एवढं मी कुणाशी बोललो नव्हतो.

दोन दिवसांनी उत्तरं आली. एकानं विचारलं होतं, लंगड्याला इथवर आणलंस, वेडा आहेस का? दुसऱ्यानं, आपण नेमका कुठला खेळ खेळलात महाराज? तिसरं उत्तर एका नव्या नावाचं होतं. त्या नावानं आधी कधीच काही लिहिलेलं नव्हतं. "त्याला इथवर आणणारं दुसरं एक घर मला माहीत आहे. पुलावर तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत?"

वाचलं आणि माझे कान तापले. दिवाळीपर्यंत खेळायचं नाही असं ठरलं होतं; दुसऱ्यांची मतं वाचायची नाहीत असं कुठे ठरलं होतं? ती वाचत असणारच. तरी मी मनाची समजूत घातली की जग मोठं आहे, आणखी कुणीतरी असेल. उत्तर न देता उठलो. त्या रविवारी फोनवर लग्नाच्या साड्या, मांडव, जेवणावळ सगळं झाल्यावर ती सहज म्हणाली, "पाकीट सांभाळून ठेवलं ना रे?"

"कपाटात आहे," मी म्हणालो. "स्वेटरखाली."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मला दिवाळीपर्यंत खवखवत राहिलं. खेळ गेला चुलीत. पण तिनं एक गोष्ट मागितली होती, तीही शेवटची, आणि ती मी चार रविवारांत एकट्यानं संपवून वर खोटं बोललो होतो. आता ती ते मनात घेऊन सासरी जाणार आणि कधी बोलून दाखवणार नाही, ही मला खरी भीती होती. गाडीत मी माफीची वाक्यं जुळवत नागपूरला पोचलो आणि घरात पाऊल टाकल्यावर एकही बोललो नाही.

पाडव्याच्या दुपारी आई खालच्या खोलीत पाहुण्यांत गुंतली होती. बहिणीनं स्वतःचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. मी नाटक सुरू केलं. "अरे बापरे, हा कोण?" "इकडून जायचं का तिकडून?" मी नाटकी माणूस नव्हे. शाळेतल्या नाटकात मला झाडाचं काम देत. ती मात्र बोलायची वेळ आली की कोपर मारायची आणि वाचत बसायची, पूर्वीसारखीच.

आम्ही पुलावर आलो. लंगडा हमाल थांबला. तिनं चारही उत्तरं दोनदा वाचली आणि शेवटचं दाबलं. "दमलास का? बस जरा."

तो बसला. आणि बोलायला लागला. हा पूल त्याच्या बापानं बांधला होता. त्याच पुलावरून पडून त्याचा पाय गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक टोळीनं त्याला दुसऱ्या मुक्कामावर सोडलं. बहीण एकेक उत्तर वाचून दाबत होती आणि तो पानामागून पान सांगत होता. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. नाटक करायचंही राहून गेलं.

"हे तुले नवं आहे," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "बाकीचं सारं जुनं होतं."

मी म्हणालो, "ऐक ना, मी तुले सांगणारच होतो..."

"तू खेळला ते मले तुहं लिहिलेलं वाचल्याबरोबरच समजलं."

"मग रागावली काहून नाही?"

"रागावली होती ना. दोन दिवस रागावली होती. मग ते आणखी एकदा वाचलं." तिनं माउस सोडला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "कोणी कोणासंग बोलत नाही, असं लिहिलं तू. खेळात तर सारेच बोलून राहिले आहेत. दादा, तिथं तू कोणासंग बोलतो का नाही?"

"बोलतो ना. काहून नाही बोलणार?"

"कोणासंग?"

खाली पाहुण्यांच्या कपबशा वाजत होत्या. मी आठवायला लागलो. दीड वर्ष झालं होतं, रोज दहा माणसं भेटत होती, एखादं तरी सांगता यायला हवं होतं. तिनं मला घाई केली नाही. ती तशीच माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला एकही नाव सुचलं नाही.