चार भाषांत रडणारी विधवा

मुलाखतीत विचारतात, अभिनयाची सुरुवात कुठे झाली? चाकणला. कंपन्यांत सुरक्षा सप्ताह असतो, त्यात पथनाट्य असतं, आणि पथनाट्यात मेलेल्या कामगाराची एक विधवा लागते. ती मी. आज मालिकांतून भूमिका करते, पण माझं करिअर नवरा मरण्यापासून सुरू झालं. लग्न अजून व्हायचंय!

खरं तर मी गाणारी. वडील लातूरकडून येऊन निघोज्याच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर लागले. मोशीत भाड्याची खोली, आणि खोलीत सगळ्यात जास्त मान हार्मोनियमच्या पेटीला. शेजारी बिदरचे, पलीकडे बिहारचे, त्यापलीकडे ओडिशाचे. गाणं ज्याचं, त्याच्याच तोंडून शिकायचं, असा वडिलांचा नियम. मग काय, मी दारोदार! कन्नड भजन, भोजपुरी लग्नगीत, ओडिया अंगाई. संध्याकाळी वडील पेटी धरायचे, मी गायची. घरमालकीण म्हणायची, "गळा ग्वाड हाय पोरीचा, पन म्हनती काय ते देवाला तरी कळतं का?"

मग प्रेसमध्ये वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. माल जास्त निघावा म्हणून, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला, हे सगळ्या शॉप फ्लोअरला माहीत होतं. चौकशीत मात्र ठरलं, कामगाराचा हलगर्जीपणा. वडिलांना स्टोअरमध्ये बसवलं. त्यांनी पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. "आता गाणं ऱ्हाऊ दे, बाई." मला संताप आला. बोटं त्यांची गेली, गळा माझा का बंद?

घरात गाता येईना म्हणून कॉलेजात नाटकात शिरले, तिथून पथनाट्यात. दिग्दर्शक खूश, कारण मराठीत रडलं की अर्धी शिफ्ट मोबाइल बघते. मी चारही भाषांत गाऊन रडायची. वडील एकदाही बघायला आले नाहीत. "तोंड रंगवून रडायचं, त्यात काय बघायचं?" म्हणायचे. मला मात्र त्यांनी एकदा तरी बघावं असं फार वाटायचं.

शेवटी प्रयोग त्यांच्याच कंपनीत लागला. हजेरी सक्तीची होती, म्हणून माझ्या वडिलांनी माझं नाटक पाहिलं.

सकाळच्या शिफ्टपुढे एक प्रयोग झाला, दुपारी वडिलांच्या शिफ्टपुढे दुसरा. कँटीनमध्ये साहेब खुर्च्यांवर, बाकीचे जमिनीवर. वडील मागे, उजवा हात डाव्या हाताखाली झाकून. नवरा मेला, मी रडले, अंगाई झाली. आता फक्त हात जोडून शेवटचं वाक्य म्हणायचं होतं: "चूक माझ्या धन्याचीच होती, तुम्ही करू नका." समोर वडील. माझ्या तोंडून ते निघेना. मी पुन्हा अंगाई धरली आणि तशीच आत निघून गेले. साहेब टाळ्या वाजवायला ताटकळले, दिग्दर्शकाने माझी बिनपाण्याने केली.

घरी वडील चहा पीत होते.

"शेवटचं वाक्य खाल्लंस म्हणं. सकाळच्या शिफ्टला तर म्हणली होतीस."

"हो."

"बरं केलंस." मग कप ठेवत, "पण अंगाईत वरचा सूर लागला नाही. पेटी काढ खाली."

मी पेटी पुसून समोर ठेवली. त्यांनी भाता ओढला, उरलेल्या बोटांनी चाचपडत सूर धरला आणि म्हणाले, "हं, म्हण."

मी म्हणायला लागले.

"रडू नको," ते म्हणाले, "सूर हलायलाय."