पन्नास नंबरची तार

सोलापुरात विणकराच्या घरात वाढलेल्या बाईला नंबर शिकवायचा नसतो. वीस नंबरचं सूत जाड, चाळीसचं बारीक, ऐंशीचं त्याहून बारीक. हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. म्हणून बेस गिटारच्या तारा मागवताना मी कुणालाही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, पण मी विचारणारी नव्हेच की.

जुन्या गाण्यांच्या एका ऑर्केस्ट्रात मी बारा वर्षं बेस वाजवतेय. त्या आठवड्यात माझी करंगळी लई दुखत होती, आणि सरावात मी दोनदा थांबले. ऑर्केस्ट्रा ज्यांचा, ते मास्तर स्वतः की-बोर्ड वाजवतात. ते शांतपणे म्हणाले, "रविवारी सकाळी कार्यक्रम आहे. तिथं थांबलीस, तर पुढच्या वेळेपासून बेस मी की-बोर्डवरच वाजवतो. डावा हात रिकामाच असतो." ओरडले असते तर चाललं असतं. बारा वर्षांची माझी जागा, आणि ती ह्यांच्या एका रिकाम्या हातात? मला असा संताप आला!

करंगळीला आराम म्हणून बारीक तारा घ्यायचं ठरवलं. जुन्या पाकिटावर पंचेचाळीस ते एकशे पाच छापलेलं. मी झोकात पन्नास ते एकशे दहाचा सेट मागवला. शनिवारी दुपारी तो आला, आणि पाकीट फोडायच्या आधीच जुन्या तारा मी पकडीनं तोडून टाकल्या. नवी तार बाहेर काढली तर कपडे वाळत घालायला चालेल अशी जाड! अम्मानं जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्यात. तिनं तार चिमटीत फिरवली आणि तेलुगूत म्हणाली, "हा कुठला गं पन्नास नंबर?"

मग वाचत बसले. तारेचा नंबर म्हणजे सरळ तिची जाडी. नंबर वाढला की तार जाड. सुताच्या अगदी उलट. माझं डोकं! दुकानात फोन केला तर, "बेसच्या तारा? आठवड्यानं विचारा." अम्मा पोट धरून हसत होती. मला मात्र उद्या सकाळचा कार्यक्रम दिसत होता.

त्याच तारा चढवल्या. एवढ्या ताठ, की करंगळीनं नेहमीच्या सुरात दाबवेनात. मग चारही तारा दोन पट्ट्या खाली उतरवल्या. तशा त्या सैल पडल्या, बोटाला सोसायला लागल्या. पण त्यामुळे बारा वर्षं बसलेला हात गिटारच्या दांडीवर दोन पडदे पुढं सरकवायचा होता. संध्याकाळपर्यंत एकेक गाणं तसं घोटलं. म्हटलं, थांबायचं तर नाहीच.

रविवारी मास्तरांचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर तयारच होता. पहिल्या गाण्यात मी एकदा चुकले, सावरलं, पुढं गेले. तिसरं गाणं सफेद दोन पट्टीतलं. त्यातला सगळ्यात खालचा सा माझ्या गिटारवर कधीच नव्हता. मी तो वरच्या सप्तकात घेऊन भागवायची. आता माझी सगळ्यात जाड तार उतरून नेमकी त्याच सुरावर आली होती. गायिका समेवर आली आणि मी ती बोट न दाबता मोकळीच छेडली. पायाखालची फळी थरथरली. अहाहा! ढोलकवाला मान वळवून बघायला लागला. मास्तरांनी डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर ते केबल गुंडाळत म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला, अकलूजला, माझा मोठा की-बोर्ड नेत नाही. गाडीत तुझ्या अँपला जागा लागेल."

एरवी माझं तोंड बंद नसतं. मी नुसतं "बरं" म्हणाले, आणि पडद्यामागं जाऊन चक्क रडले.