रिळाचा ढिला पेच

परवा बायकोने शिवणयंत्रात तेल घातलं आणि त्या वासासरशी मी थेट वैनगंगेच्या काठावर, पंचावन्न-छप्पन सालच्या हिवाळ्यात जाऊन पोचलो.

लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला गेलो होतो. सासरे पिढीजात ढिवर, जाळं टाकणारे. आणि मी नागपूरच्या जुन्या बाजारातलं गळाच्या काठीचं रीळ शिवणयंत्राचं तेल पाजून सोबत नेलेलं. "कोंबडा कापू नका, आज जावई मासा आणणार," असं मी अंगणात उभं राहून जाहीर केलं. सासूबाईंनी हातातला कोंबडा सोडून दिला.

दुपारी गळाची काठी वाकली. रिळावर एक पेच असतो. तो आवळला की दोरा सुटत नाही. मासा पळू नये म्हणून मी तो पार आवळून ठेवला होता. दोरा तारेसारखा वाजू लागला. काठावर धुणं धूत असलेली बायको धावत आली.

"अवो, काऊन बांधून ठेवता त्याले? तुटन ना दोरा. पळू द्या, थकन तो."

"सोडला तर जाईल."

तिने पुढे विचारलंच नाही. हात घालून पेच ढिला केला. रीळ किंचाळलं, दोरा सरसरत गेला, आणि अर्ध्या तासाने माझ्या मांडीएवढा मासा थकून वाळूवर आला.

"कोनं धरला?" घरी सासऱ्यांनी विचारलं.

"यायनंच," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

तेव्हापासून ही गोष्ट मी सांगतो आणि ती ऐकते. दर खेपेला मासा वीतभर वाढतो, ती वाढू देते. तो म्हशीएवढा व्हायला लागला की मात्र हळूच खाकरते.