झाकणावरचं फूल

नव्वदीच्या दशकात मी सिंगापुरात बिशानहून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, कामाला जायचो, तेव्हा समोर रोज एक गृहस्थ बसायचे. मांडीवर परदेशी मासिक, हातात थर्मास. त्याचं झाकण ते किंचित फिरवून काढायचे, परत लावायचे आणि झाकणावरचं फूल खालच्या देठाशी जुळलं की पुटपुटायचे, "बसलं!"

मराठी ऐकून मी विचारलं, "काय चाललंय?"

"सायलेन्सर बसवायचा माउंट निवडतोय."

"कुठल्या गाडीचा?"

"गाडी कसली? रायफलचा! आट्यांचा काढायला वेळ लागतो. झटक्यात निघणारा बरा, पण दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर नेम चुकतो."

मी जरा सरकून बसलो. "रायफल आहे तुमच्याकडे?"

"छे हो! सिंगापुरात? आत टाकतील. पण उद्या घ्यायची वेळ आलीच, तर ऐनवेळी घोळ नको."

त्यांनी पुन्हा झाकण काढलं. चहाचा वास आला.

"आता दोन घोट प्या तरी," मी म्हणालो.

रायफलबद्दल डबाभर ऐकू जाईल असं बोलणाऱ्या त्या माणसाच्या आवाजाला एकदम सायलेन्सर बसला. इकडेतिकडे बघत, फूल जुळवत ते कुजबुजले, "वेडे आहात का? ट्रेनमध्ये चहा? दंड होतो!"